नाव घेण्याआधी

आमचे बाबा मुरगाव बंदरात क्रेन चालवायचे. हेडलँड सड्यावर आमची क्वार्टर होती आणि मागच्या दारातून समुद्रात नांगर टाकून उभी असलेली जहाजं दिसायची. ड्युटी नसली की बाबा त्या दारात बसायचे. मी विचारायचो, हे कुठलं जहाज? ते पटकन सांगायचे नाहीत. आधी धुराड्याचा रंग आणि त्यावरची खूण बघायची, तिच्यावरून कंपनी कळते. मग मागचा बावटा, त्यावरून नोंदणीचा देश. वाऱ्यानं जहाज फिरलं की पिछाडीवरचं नाव आणि त्याखालचं बंदराचं नाव वाचायचं. एवढं झालं की वहीत एक ओळ लिहायची. नाव वाचता आलं नाही तर नावाची जागा कोरी ठेवायची. अंदाजानं त्यांनी कधी काही लिहिलं नाही. "आदी बग, मगे नाव घे," असं मालवणीत म्हणायचे.

मी बंदरात गेलो नाही. वास्कोत माझं औषधांचं दुकान आहे. दाबोळीचा विमानतळ इथून इतका जवळ आहे की दुपारी शटर अर्धं ओढून बसलं तरी डोक्यावरून काय गेलं ते आवाजावरून कळतं. हा विमानतळ मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा. प्रवासी विमानं त्याच्याच धावपट्टीवर उतरतात. त्यामुळे आमच्याकडची लहान पोरंसुद्धा मिग-२९के आणि प्रवासी विमान यांतला फरक कानानं ओळखतात. काही वर्षांपूर्वी भाच्यानं माझ्या फोनमध्ये उडती विमानं थेट दाखवणारा नकाशा टाकून दिला आणि बाबांची सवय माझ्या अंगात वेगळ्या वाटेनं आली.

हा नकाशा चालतो कसा हे आधी सांगतो, कारण लोकांना वाटतं की यात काहीतरी चोरून ऐकण्याचा प्रकार आहे. तसं नाही. विमानातला ट्रान्सपाँडर १०९० मेगाहर्ट्झवर सेकंदाला साधारण दोनदा स्वतःची जागा आकाशात ओरडून सांगत असतो. जागा त्याला जीपीएसवरून कळते. त्यासोबत उंची, वेग आणि स्वतःची ओळखही तो सांगतो. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. संदेशाला कुलूप नसतं, कारण आजूबाजूच्या विमानांनी आणि जमिनीवरच्या नियंत्रकांनी तो ऐकावा म्हणूनच तो दिलेला असतो. जगभरात हजारो हौशी माणसं गच्चीवर छोटी अँटेना लावून हे संदेश पकडतात आणि इंटरनेटवर पाठवतात. फ्लाइटरडार२४ हे स्वीडनमधलं संकेतस्थळ २००६ साली दोघा हौशी माणसांनीच सुरू केलं होतं. एडीएस-बी एक्स्चेंज २०१६ मध्ये आलं, आणि तिथे विमानमालकाच्या विनंतीवरून कुणाला लपवलं जात नसे, म्हणून लष्करी विमानं बघणाऱ्यांची तिथे गर्दी झाली. जानेवारी २०२३ मध्ये ते एका कंपनीनं विकत घेतलं तेव्हा अनेक स्वयंसेवकांनी आपल्या अँटेना काढून दुसऱ्या, नव्या जाळ्यांना जोडल्या. मी स्वतः अँटेना लावलेली नाही. मी फक्त बघणारा.

आता ओळख. प्रत्येक ट्रान्सपाँडरला २४ बिटांचा एक पत्ता दिलेला असतो. सहा अक्षरांत तो लिहितात, शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. बघणारे लोक त्याला नुसतं 'हेक्स' म्हणतात. असे सुमारे १ कोटी ६७ लाख पत्ते होतात. माँट्रियलच्या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं ते देशांना गठ्ठ्यानं वाटून दिलेत. भारताचा गठ्ठा ८००००० पासून ८३एफएफएफएफ पर्यंत, म्हणजे २,६२,१४४ पत्ते. ७६ नं सुरू होणारा पत्ता दिसला तर पाकिस्तान डोक्यात येतं, ७०२ दिसला तर बांगलादेश. अमेरिकेला ए अक्षराचा सगळाच्या सगळा गठ्ठा मिळालाय. त्यांच्या नागरी विमानांचे पत्ते नोंदणी क्रमांकावरून ठरावीक गणितानं काढलेले असतात आणि ते एडीएफ७सी७ ला संपतात. त्याच्या पुढचे सैन्यासाठी. म्हणून एई नं सुरू होणारा पत्ता दिसला की बघणारा खुर्चीत सावरून बसतो. ब्रिटननंही ४३सी नं सुरू होणारे पत्ते सैन्यासाठी राखलेत. आपल्याकडे असा ढोबळ फरक डोळ्यांना लागत नाही, म्हणून भारतीय विमान ओळखताना जास्त सावध राहावं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यावरच मला ठेच लागलीय.

हेक्सला मी धुराडं मानतो. वैमानिक उड्डाणाआधी टाइप करतो तो कॉलसाइन, म्हणजे त्या उड्डाणाचं रेडिओवरचं नाव, हा बावटा. तो दर उड्डाणाला बदलू शकतो, रिकामाही राहू शकतो, चुकीचाही भरला जातो. तरी त्याच्यातून खूप काही कळतं. आरसीएच म्हणजे 'रीच', अमेरिकी हवाई दलाची मालवाहतूक. आरआरआर म्हणजे ब्रिटिश हवाई दल, रेडिओवर ते 'अ‍ॅस्कॉट' म्हणतात. जीएएफ जर्मन हवाई दल. आयएफसी आपलं. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेनं हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन सी-१७ हे मालवाहू विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा त्याचा कॉलसाइन 'रीच'चाच होता. त्या १०४ जणांत तिघं महाराष्ट्रातले होते. नकाशावर मात्र फक्त एक राखाडी विमान सरकत येताना दिसतं. आत बसलेली माणसं नकाशाला दिसत नाहीत, हे मला त्या दिवशी फार जाणवलं.

तिसरी खूण चालीची. प्रवासी विमान कुठून तरी कुठे तरी जात असतं. हवेत इंधन भरणारा टँकर लांबट अंडाकृती फेऱ्या मारतो. टेहळणी करणारं विमान एखाद्या सीमेला किंवा किनाऱ्याला समांतर पुढे-मागे जातं. उंचीही बोलते. २०२२ च्या सुरुवातीला काळ्या समुद्रावर आणि युक्रेनवर 'फोर्टे' कॉलसाइनचं एक मानवरहित विमान तासन् तास फिरायचं, सिसिलीतल्या सिगोनेला तळावरून येणारं ग्लोबल हॉक. नकाशावर त्याची उंची ५०,००० फुटांच्या वर दिसायची. प्रवासी जेट तिथे जातच नाही. युद्ध सुरू व्हायच्या आधीच्या रात्री मी दुकान बंद करून आल्यावर जेवता जेवता ते बघत होतो. अंगावर काटा आला होता. इतक्या लांबचं, आणि तरी आपल्या ताटाशेजारी.

आणि काही विमानं दिसतात पण जागा सांगत नाहीत. अनेक लष्करी विमानांचा ट्रान्सपाँडर जुन्या पद्धतीनं नुसता पत्ता आणि उंची देतो. अशा वेळी चार किंवा जास्त अँटेनांनी तोच संदेश पकडला असेल तर प्रत्येकीकडे तो किती उशिरा पोचला त्या सूक्ष्म फरकावरून जागा मोजून काढता येते. याला एमएलएटी म्हणतात. जिथे अँटेना दाट आहेत, युरोपात किंवा अमेरिकेत, तिथे हे छान चालतं. अरबी समुद्रावर कोण अँटेना लावणार? त्यामुळे आमच्या पश्चिमेला नकाशा लवकर आंधळा होतो. काही जाळ्यांना उपग्रहांवरूनही संदेश मिळतात, पण तो माल बहुतेक पैसे भरणाऱ्यांसाठी असतो.

सरकारी विमानांचं म्हणाल तर ती दिसतात, आणि बऱ्याचदा मुद्दाम दिसू दिली जातात. आपल्या पंतप्रधान-राष्ट्रपतींसाठीची दोन बोइंग ७७७ विमानं, के ७०६६ आणि के ७०६७. त्यातलं पहिलं ऑक्टोबर २०२० मध्ये दिल्लीत आलं. हवाई दलाचं पालमचं दळणवळण पथक ती आणि छोटी बोइंग ७३७ विमानं चालवतं. त्या तीन ७३७ ना राजदूत, राजहंस आणि राजकमल अशी नावं आहेत. मला ही नावं आवडतात, यंत्राला नाव दिलं की माणूस त्याची काळजी जास्त घेतो असं मला वाटतं.

२२ एप्रिल २०२५ ला पंतप्रधानांचं विमान जेद्दाला गेलं ते पाकिस्तानच्या आकाशातून. त्याच दुपारी पहलगाम घडलं. रात्री विमान परत फिरलं तेव्हा त्यानं पाकिस्तान टाळून अरबी समुद्रावरून गुजरातच्या बाजूनं वाट धरली. सरकारनं काही जाहीर करायच्या आत दोन रेषा शेजारी शेजारी ठेवून ते जगाला दिसलं. जाताना एक, येताना दुसरी. वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी ते छापलं. रेषा खोटं बोलत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं.

याआधीचा एक दिवस सांगायलाच हवा. ५ ऑगस्ट २०२४, सोमवार. ढाक्यात जमाव पंतप्रधानांच्या निवासात शिरल्याची बातमी दुपारी आली. दुकानात गर्दी नव्हती. नकाशा उघडला तर बांगलादेशातून बाहेर पडलेलं एक सी-१३० दिसत होतं, कॉलसाइन एजॅक्स १४३१. पश्चिम बंगाल ओलांडून ते बिहारवर, मग उत्तर प्रदेशावर. सी-१३० हे चार पंख्यांचं वाहतूक विमान, जेटच्या मानानं सावकाश जाणारं. फ्लाइटरडार२४ वर त्या वेळी जगात सर्वाधिक लोक त्याच एका विमानाकडे बघत होते. मी तीन खुणा लावून बघितल्या. पत्ता बांगलादेशच्या गठ्ठ्यातला, प्रकार सी-१३०जे, वाट सरळ दिल्लीच्या दिशेनं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ते गाझियाबादजवळच्या हिंडन तळावर उतरलं. शेख हसीना त्यात होत्या हे नकाशानं सांगितलं नाही, ते बातम्यांनी सांगितलं. पण ज्या बाईनं पंधरा वर्षं सलग एक देश चालवला, तिच्या आयुष्याचा तो तुकडा मी वास्कोच्या बाजारात काउंटरमागे उभा राहून, खोकल्याचं औषध देता देता बघितला. समोरच्या गिऱ्हाइकाला मी फोन दाखवला तर तो दोन मिनिटं औषध घ्यायचं विसरला.

असे दिवस मोठे असतात. २ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या तेव्हाच्या सभापती नॅन्सी पेलोसींचं विमान 'स्पार १९' क्वालालंपूरहून निघून दक्षिण चीन समुद्र टाळत, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सच्या बाजूनं मोठा वळसा घेऊन तैपेईला उतरलं तेव्हा ७ लाखांहून जास्त लोक एकाच वेळी बघत होते, आणि सबंध उड्डाणात मिळून सुमारे २९ लाख. पुढच्याच महिन्यात, १३ सप्टेंबरला, राणी एलिझाबेथची शवपेटी एडिंबरोहून लंडनजवळच्या नॉर्थोल्टला नेणाऱ्या सी-१७ नं तो आकडा मागे टाकला, सुमारे ५० लाख. अंत्ययात्रेला रस्त्याच्या कडेला उभं राहावं तशी माणसं एका ठिपक्यासाठी उभी होती. मला त्यात काही पोरकट वाटत नाही.

आता माझी गोष्ट.

मे २०२५ चा दुसरा आठवडा. ऑपरेशन सिंदूर सुरू झालेलं. उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ नागरी वाहतुकीला बंद केलेले, पाकिस्तानचं आकाशही रिकामं. नकाशावर एरवी मुंग्यांसारखी विमानं असतात तिथे एक मोठं भोक पडलेलं. सगळी विमानं त्या भोकाला वळसा घालून दक्षिणेकडून जात होती. दाबोळी चालू होतं. मी सारखा फोन बघत होतो. झोप कुणाला नव्हतीच.

एका संध्याकाळी उत्तर गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या समोर, किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रावर, एक विमान अंडाकृती फेऱ्या मारताना दिसलं. उंची साधारण ९,००० फूट. कॉलसाइन रिकामा. हेक्स ८ नं सुरू होणारा, म्हणजे भारतीय. नोंदणी क्रमांकाच्या जागी काहीच नाही. प्रकाराच्या जागी बोइंग ७३७-८००.

नौदलाचं पी-८आय हे पाणबुड्या शोधणारं विमान ७३७-८०० वरूनच बनवलेलं असतं. २९ मार्च २०२२ ला पी-८आयचं दुसरं पथक, आयएनएएस ३१६, इथे हंसावरच दाखल झालं. ते मला पाठ होतं. समुद्र, फेऱ्या, नाव नाही, ७३७. शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर मी चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, "नेव्हीचं पी-८आय आहे. समुद्रावर घिरट्या घालतंय." ग्रुपमध्ये चाळीसेक माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक काकी दुकानात आल्या. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या नेतात. त्यांचा मुलगा नौदलात, जहाजावर. सहा दिवस त्याचा फोन नव्हता, आणि तशा काळात तो येणारही नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गोळ्या मागितल्या नाहीत. फोन माझ्यासमोर धरला. "तू ती विमानं बघतोस ना रे? हे बघ, काय लिहिलंय. खरं आहे काय?" स्क्रीनवर माझंच चित्र होतं. माझं पहिलं वाक्य शब्द न् शब्द तसंच होतं. त्याच्यापुढे कुणीतरी तीन वाक्यं जोडली होती. गोव्यासमोर शत्रूची पाणबुडी सापडलीय, आपली जहाजं वेढली गेलीत, रात्री काहीही होईल.

त्यांचे हात थरथरत होते. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, रक्तदाब मोजला. तो आकडा इथे लिहीत नाही.

मग त्यांच्यासमोरच मी आदल्या संध्याकाळचं उड्डाण पुन्हा चालवून बघितलं. या संकेतस्थळांवर मागचा प्रवास परत बघता येतो. फेऱ्या सुरू व्हायच्या अर्धा तास आधीपासून बघितलं तर तेच विमान उत्तरेकडून नेहमीच्या हवाई वाटेनं येताना दिसलं, आणि तिथे कॉलसाइन होता, एका प्रवासी कंपनीचा. फेऱ्यांच्या वेळी संदेश तुटक येत होते, म्हणून नाव गळलं होतं. विमान ताफ्यात नवं आलेलं असणार, हौशी लोकांच्या यादीत त्याची नोंदणी अजून चढली नव्हती. आदल्या संध्याकाळी पेडण्याकडे वळवाचा गडगडाट होता. विमान ढग सरायची वाट बघत वीसेक मिनिटं फिरलं आणि मोपाला उतरलं. आत माणसं होती, सुट्टीवरून घरी येणारी.

मी काकींना सगळं दाखवलं. त्यांना हेक्स कळला नाही, पण रेषा मोपाच्या धावपट्टीवर संपलेली कळली. त्या म्हणाल्या, "मग तू तसं का लिहिलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बावटा दिसत नसताना, पिछाडी वाचलेली नसताना, नाव घेतलं होतं. बाबांच्या वहीत ती जागा कोरी राहिली असती.

ग्रुपवर मी चूक कबूल केली, पूर्ण खुलासा लिहिला, रेषेचं चित्र टाकलं. तो खुलासा कुणी पुढे पाठवला नाही. पाणबुडी मात्र दोन दिवस फिरत राहिली, मडगावच्या एका नातेवाइकाकडून ती मलाच परत आली. संध्याकाळी मी काकींच्या घरी जाऊन बसलो. आणखी तीन दिवसांनी त्यांच्या मुलाचा फोन आला, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा शेजारणीला सांगितलं आणि नंतर मला.

त्या दिवसांत चुकणारा मी एकटा नव्हतो हे खरं, पण त्यानं मला हलकं वाटत नाही. पाकिस्तानवर दिसलेल्या एका छोट्या बीचक्राफ्ट विमानाच्या नोंदणीवरून ते किरणोत्सर्ग मोजणारं अमेरिकी विमान आहे, म्हणजे किराणा टेकड्यांत अणुगळती झालीय, असं लाखो लोकांनी एकमेकांना सांगितलं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेला शेवटी सांगावं लागलं की पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही. यादीतली ओळ म्हणजे कुणीतरी कधीतरी भरलेली नोंद असते. विमान विकलं जातं, दुसऱ्या देशाला दिलं जातं, रंग बदलतो. नोंद मात्र तशीच पडून राहते. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मी रोज बघतो, पण यादीतल्या ओळीला तारीख असते हे मात्र विसरलो होतो.

आणि चूक नसती, ते खरंच पी-८आय असतं, तर? याचा मी जास्त विचार केलाय. सरकारनं २६ एप्रिलला आणि पुन्हा ९ मे ला सांगितलं होतं की सैन्याच्या हालचाली थेट दाखवू नका. मी ते वाचलं होतं. माझ्या मनात उत्तर तयार होतं, हे तर सगळ्या जगाला दिसतंच आहे, मी काय वेगळं केलं? आता मला ते उत्तर पटत नाही. ट्रान्सपाँडर चालू ठेवायचा की बंद, हे नौदल ठरवतं. गर्दीच्या आकाशात प्रवासी विमानाशी टक्कर होऊ नये म्हणून कधी तो चालू ठेवावाच लागतो. त्या ठिपक्याला नाव देऊन, काम सांगून, चाळीस जणांच्या हातात देणं ही माझी भर होती. तिची जबाबदारी माझी. पेलोसींचं विमान, राणीचं विमान, हसीनांचं विमान या गोष्टी वेगळ्या, तिथे जग आधीच बघत होतं. आपल्या किनाऱ्यासमोर चाललेलं काम वेगळं. मी आता आपल्या सैन्याची चालू हालचाल कुठेही लिहीत नाही, मित्रालाही सांगत नाही.

रेषा खोटं बोलत नाही, हेही पूर्ण खरं नाही. विमान स्वतःची जागा जीपीएसवरून सांगतं, आणि जीपीएसच फसवला तर विमान मनापासून चुकीची जागा सांगतं. अमृतसर आणि जम्मूच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात असे ४६५ प्रकार नोंदले गेले, असं आपले पुण्याचे खासदार आणि नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत लेखी उत्तरात सांगितलं होतं. बाल्टिकवर, काळ्या समुद्रावर, पूर्व भूमध्यात तर हे रोजचं. नकाशावर विमान अचानक शेकडो किलोमीटर उडी मारताना दिसलं, तर ते विमान नव्हे, आकडा उडालेला असतो.

आणि जे दिसतच नाही त्याचं काय. मिग-२९के डोक्यावरून जातात तेव्हा दुकानाच्या काचा वाजतात, नकाशावर काही नसतं. नौदलाचं जुनं टेहळणी विमान इल्युशिन-३८ मला कधी ठिपक्यात दिसलंच नाही. १९७७ पासून ती चार पंख्यांची विमानं हंसावरून उडत होती. त्यांची घरघर मी लहानपणापासून ऐकत आलो. १ ऑक्टोबर २००२ ला, पथकाच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, त्यातली दोन इथेच हवेत एकमेकांवर आदळली. दोन्हींतली बाराच्या बारा माणसं गेली. तो दिवस वास्कोतल्या कुणालाही विचारा. ३१ ऑक्टोबर २०२३ ला शेवटच्या इल्युशिनला निरोप दिला गेला. त्या आठवड्यात संध्याकाळी मला काहीतरी कमी असल्यासारखं वाटत होतं. काय ते दोन-तीन दिवसांनी कळलं, तो आवाज.

बाबा जाऊन आता सात वर्षं झाली. त्यांच्या बंदराच्या वह्यांतल्या दोन कोऱ्या राहिल्या होत्या, लाल कापडी पाठीच्या, त्यातली एक मी काढलीय. रकाने त्यांचेच ठेवलेत, फक्त शीर्षकं बदललीत. वेळ, हेक्स, कॉलसाइन, चाल, आणि शेवटी नाव. नाव लिहायचं ते तीन खुणा जुळल्या तरच, आणि त्या दिवशी नाहीच, दुसऱ्या दिवशी मागचा प्रवास परत बघून. आपली लष्करी विमानं या वहीत लिहितच नाही. काकी महिन्याच्या पाच तारखेला येतात. परवा त्यांनी वही बघितली आणि विचारलं की इथे इतक्या जागा मोकळ्या का. मी सांगितलं, ओळखता आली नाहीत.

कालच्या पानावर अकरा ओळी आहेत. सात नावं. चार ठिकाणी काही लिहिलेलं नाही.